बिबट्या किती वाजता गेला?

झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याने टिपलेला फोटो हाती आला की आपण बिबट्या बघतो. संशोधक आधी फोटोखालची पट्टी वाचतो. तिथे तारीख आणि वेळ छापलेली असते. समजा, काजूच्या हंगामात एका वाटेवरचे सगळे फोटो रात्री अकरा ते पहाटे चारमधले आहेत, आणि भर पावसाळ्यात त्याच वाटेवर तोच बिबट्या संध्याकाळी पाचलाही दिसतोय. हंगामात त्याला कुणी दगड मारलेला नाही, फासा लावलेला नाही. तरीही त्याच्या दिवसातले काही तास गेले. कुणी घेतले, तर रानात काजू वेचायला आलेल्या माणसांच्या नुसत्या असण्याने.

माणसामुळे वन्यप्राण्यांवर काय परिणाम होतो, असं विचारलं तर शिकार, वणवा, रस्त्यावर चिरडलेलं मांजर-साप असं काहीबाही डोळ्यांपुढे येतं. ते खरंच आहे. पण गेल्या काही वर्षांच्या संशोधनातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली आहे. या परिणामाचा बराचसा भाग मेलेल्या प्राण्यांच्या रूपात दिसतच नाही. प्राणी जिवंत असतो, फक्त त्याच्या वेळा बदलतात, वाटा बदलतात, खाणं बदलतं. हे दिसायला नुसते डोळे पुरत नाहीत, मोजणी लागते. ती कशी करतात आणि गोव्यात तिचा काय उपयोग, हे या लेखात सांगायचं आहे.

गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरांचा. समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंत रुंदी जेमतेम साठ किलोमीटर. पूर्वेकडे म्हादई, भगवान महावीर, मोले, नेत्रावळी, खोतीगाव अशी संरक्षित वनांची पट्टी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते. बोंडला आणि चोडणचं पक्षी अभयारण्य धरून एकूण ७५५ चौरस किलोमीटर होतात, म्हणजे राज्याचा पाचवा हिस्सा. ऐकायला भरपूर वाटतं. पण याच पट्टीत वाडे आहेत, कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा आहेत, काजूचे डोंगर आहेत, आणि तिला छेदून महामार्ग आणि रेल्वे जाते. सत्तरीत किंवा सांगे तालुक्यात फिरताना जंगल कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. त्यामुळे ‘गवा गावात घुसला’ ही बातमी मला नेहमी अर्धीच वाटते. गवा ज्या वाटेने पाण्यावर उतरतो त्या वाटेवर कुंपण कधी आलं, हे त्या बातमीत नसतं.

वेळेच्या मुद्द्याकडे परत येऊ. २०१८ साली वन्यजीव संशोधक केटलिन गेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातले ७६ अभ्यास एकत्र करून तपासले. सहा खंडांतले ६२ जातींचे सस्तन प्राणी त्यात होते. माणसांचा वावर जास्त असलेल्या ठिकाणी प्राण्यांचं रात्रीचं फिरणं सरासरी १.३६ पट झालेलं दिसलं. म्हणजे जो प्राणी निम्मा वेळ दिवसा आणि निम्मा रात्री फिरत होता, तो आता ६८ टक्के रात्री फिरतो. यातली खरी मेख पुढेच आहे. माणूस बंदूक घेऊन आला काय आणि नुसता पाठीला पिशवी लावून डोंगर चढायला आला काय, प्राण्यांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. आपण निरुपद्रवी आहोत हे आपल्याला ठाऊक असतं, सांबराला नव्हे.

याची एक झकास चाचणी दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात झाली. पाणवठ्यांजवळ कॅमेरे आणि स्पीकर लावले. प्राणी जवळ आला की स्पीकर आपोआप सुरू व्हायचा. कधी सिंहाचे आवाज, कधी कुत्र्यांचं भुंकणं, कधी बंदुकीचा बार, तर कधी माणसं साधं बोलताहेत असा आवाज. आरडाओरड नाही, नेहमीच्या गप्पा. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिंहाच्या आवाजापेक्षा माणसाच्या बोलण्याने प्राणी पळून जाण्याची शक्यता दुप्पट होती, आणि पाणवठा सोडायलाही त्यांना ४० टक्के कमी वेळ लागला. जिथे सिंह खराखुरा राहतो तिथली ही गोष्ट.

आता हे सगळं मार्च-एप्रिलच्या सत्तरीत आणून ठेवा. ओहोळ आटलेले, पाणी फक्त खोल कोंडींत उरलेलं. आणि नेमक्या त्याच दिवसांत काजूसाठी माणसं उजाडायच्या आत डोंगरावर हजर. वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्या दोन-तीन महिन्यांत हाती येतो, तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, वासाने अस्वलंही तिथेच येतात. तहान, खाणं आणि माणूस एकाच उतारावर, एकाच वेळी. अशा वेळी ज्याला जमेल तो प्राणी रात्रपाळी पत्करतो.

सगळ्यांना ती जमत नाही. बिबट्याला जमते, रानडुकराला तर फारच छान जमते. रानकुत्रा मात्र मुख्यतः उजेडात, कळपाने शिकार करणारा. त्याला काळोखात ढकललं की त्याचं गणित बिघडतं, मग तो जागाच सोडतो. म्हणजे माणसांची वर्दळ सगळ्या प्राण्यांना सारखी नडत नाही, ती निवड करते. जुळवून घेणारे टिकतात, वाढतात, आणि न घेणारे गुपचूप नाहीसे होतात. ग्रामसभेत ‘डुकरं वाढली, खेती (माकडं) वाढली’ ही तक्रार जेव्हा होते तेव्हा ती खोटी नसते. पण डुकरं आणि माकडं वाढली म्हणजे जंगल भरभराटीला आलं, असा अर्थ त्यातून निघत नाही. उलटाही निघू शकतो.

पण ‘वाढले’ किंवा ‘कमी झाले’ हे ठरवायचं कशावरून? इथे वन्यजीवशास्त्रातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी समजलेली गोष्ट येते. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. एखाद्या डोंगरावर अस्वल आहे. तुम्ही एकदा फेरी मारली तर त्याची विष्ठा, ओरखडे किंवा खणलेलं वारूळ सापडण्याची शक्यता समजा ३० टक्के. म्हणजे अस्वल असूनही दहांतल्या सात फेऱ्यांत तुम्ही रिकाम्या हाताने परत याल. तीन फेऱ्या केल्या तरी काहीच न सापडण्याची शक्यता ३४ टक्के उरते. पाच केल्या की ती १७ टक्क्यांवर येते. म्हणून संशोधक एकाच जागी पुन्हा पुन्हा जातात, आणि किती वेळा गेलो, किती वेळा सापडलं, यावरून किती वेळा हुकलं असेल याचा हिशेब मांडतात. एखाद्या प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात चार दिवसांच्या पाहणीत अमुक प्राणी ‘आढळला नाही’ असं वाचलं की मी लगेच पाहणीच्या फेऱ्या मोजतो. अहवालाची किंमत तिथेच कळते.

वाघ-बिबट्यांच्या बाबतीत एक सोय आहे. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके दोन प्राण्यांत कधीच सारखे नसतात. त्यामुळे फोटोवरून हा कालचाच की वेगळा, हे ओळखता येतं. पहिल्या खेपेला कॅमेऱ्यांत दहा वेगवेगळे बिबटे आले असं धरा. दुसऱ्या खेपेला बारा आले, त्यांतले सहा ओळखीचे. म्हणजे बारांपैकी निम्मे आपण आधी पाहिलेले होते. मग आधीचे दहा हे एकूण संख्येच्या निम्मे असावेत, आणि एकूण बिबटे वीसच्या आसपास. प्रत्यक्षातलं गणित याहून बरंच किचकट असतं, पण गाभा हाच. नव्वदच्या दशकात वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी नागरहोळेच्या जंगलात वाघांसाठी ही पद्धत वापरून दाखवली. आज देशभरात दर चार वर्षांनी होणारी व्याघ्रगणना तिच्यावरच उभी आहे. २०२२ च्या गणनेत भारतातल्या वाघांचा सरासरी अंदाज ३,६८२ आला. हा अंदाज आहे, खानेसुमारी नव्हे, हे मुद्दाम सांगायला हवं.

गव्याला पट्टे नाहीत, ठिपके नाहीत. त्याच्यासाठी सरळ आखलेल्या रेषेवरून चालायचं, दिसलेला प्रत्येक कळप रेषेपासून किती लांब होता ते नोंदवायचं. जवळचे बहुतेक दिसतात, लांबचे झाडीत हुकतात. अंतराबरोबर दिसणं कसं घटत जातं यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधायचा. आणि हे सगळं भल्या पहाटे, जळवा झटकत.

ही मोजणी नुसती पुस्तकी नाही, हे गोव्याने फार कडू पद्धतीने अनुभवलंय. इथे वर्षानुवर्षं एक युक्तिवाद चालत आला. गोव्यात वाघ नाहीत, असलेच तर कर्नाटकातून येऊन जाणारे पाहुणे आहेत, तेव्हा व्याघ्र प्रकल्पाची गरज काय? जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावली गावाजवळ एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली. मारलेल्या गुराच्या मांसातून विषबाधा. जीवशास्त्राच्या दृष्टीने बघितलं तर पाहुणा असण्याचा वाद तिथेच संपायला हवा होता. नर वाघ शेकडो किलोमीटर भटकतो हे खरं, पण पिल्लं असलेली वाघीण भटकत नाही. पिल्लं दीड-दोन वर्षं आईबरोबर असतात, आणि तेवढा काळ तिला पाणी, आडोसा आणि पुरेशी शिकार असलेला ठरावीक मुलूख लागतो. म्हणजे सत्तरी तिचं घर होतं. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा, असा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

वाघ राज्याची सीमा मानत नाही, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य. म्हादईच्या पलीकडे कर्नाटकातलं भीमगड, दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प, उत्तरेला तिळारी आणि पुढे राधानगरी, चांदोली, कोयना. हा एकच पट्टा आहे, आणि गोवा त्याच्या मध्यावर बसलेला आहे. मधला दुवा तुटला तर दोन्हीकडचे वाघ आपापल्या तुकड्यात अडकतात, नात्यातल्या नात्यात वीण होत राहते. आणि गुराखी? ज्याची दुभती म्हैस वाघाने नेली त्याला हा पट्टा दाखवून उपयोग नाही. त्याच्या हातात नुकसानभरपाई वेळेवर पडली पाहिजे. वाघाच्या बचावात मला हा खर्च सगळ्यात स्वस्त वाटतो, आणि नेमका त्याच्याचकडे सगळ्यांत उशिरा लक्ष जातं.

बिबट्याचं प्रकरण वेगळं. तो दिसला की पंचायतीत एकच मागणी होते, ‘पिंजरा लावा, पकडा आणि लांब सोडा.’ हा उपाय करून पाहिलेला आहे, आणि त्याचा निकालही उपलब्ध आहे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात २००१ च्या सुमारास बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याआधीची आणि नंतरची आकडेवारी तपासली. माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी चार होते, मोहीम सुरू झाल्यावर सतरा झाले. कारण ऐकलं की पटतं. पकडलेला बिबट्या अनोळखी मुलखात सोडला जातो, तिथे आधीच दुसऱ्या बिबट्याचं राज्य असतं, आणि हा बिथरलेला प्राणी आपल्या जुन्या जागेकडे निघतो. वाटेत गावं लागतात. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत एखादा नवखा, तरुण बिबट्या येऊन बसतो, ज्याला त्या गावाच्या वेळा माहीत नसतात. जुना बिबट्या गावाला चुकवून जगायला शिकलेला होता, तोच आपण हलवला.

अत्रेय यांनीच अकोल्यात, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात, जंगल नावालाही नसलेल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांची मोजणी केली. शंभर चौरस किलोमीटरांत पाचच्या आसपास प्रौढ बिबटे निघाले. विष्ठेतले केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. केसाच्या सालीवरची नक्षी प्रत्येक जातीची वेगळी असते, म्हणून हे कळतं. गोव्याच्या ज्या गावात कोंबडीच्या दुकानाचा कचरा ओहोळाच्या काठी पडतो तिथे भटकी कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे कोण येतं ते उघड आहे. पिंजऱ्याआधी कचऱ्याचा ठराव घ्यायला हवा.

विष्ठेतून आणखीही काही कळतं. ताण आल्यावर शरीरात तयार होणाऱ्या संप्रेरकांचे अंश तिच्यात उतरतात. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्रावर काम करणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगढच्या वाघांची विष्ठा तपासली. पर्यटनाच्या महिन्यांत ताणाची पातळी चढलेली होती, आणि गाड्यांच्या संख्येशी तिचा संबंध दिसला. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपगाड्यांच्या रांगेत बसलेल्यांनी हे वाचावं असं नाही, पण जीपगाड्यांची संख्या ठरवणाऱ्यांनी जरूर वाचावं.

रस्त्यांबद्दल एक उलटी वाटणारी गोष्ट सांगतो. मोलेहून अनमोड घाटाकडे जाणाऱ्या महामार्गासारख्या रस्त्यावर मेलेले प्राणी मोजायचे, तर एकच पट्टा ठरावीक दिवशी, पहाटे, हळू जाऊन तपासावा लागतो. उशीर केला की कावळे आणि कुत्री पुरावा साफ करतात, आणि पावसात चिरडलेला बेडूक तासाभरात ओळखू येत नाही. त्यामुळे मोजलेला आकडा खऱ्यापेक्षा नेहमी कमीच असतो. आणि पाच वर्षांनी तो आकडा घटला, तर? आनंद मानण्याआधी थांबावं लागतं. प्राणी रस्ता ओलांडायला शिकले असतील, किंवा रस्त्याच्या कडेला मरायला कुणी उरलंच नसेल. दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो.

शिवाय काही प्राणी रस्त्यावर सहसा मरत नाहीत, कारण ते तिथे क्वचितच उतरतात. शेकरू आणि लोरिस (मोठ्या डोळ्यांचा, रात्री हिंडणारा, माकडाच्या कुळातला छोटा प्राणी) झाडावरून झाडावर जातात. रस्त्यावर दोन्हीकडच्या फांद्या भिडलेल्या असतील तोवर त्यांना रस्ता आहे हे जाणवतही नाही. रुंदीकरणात ते छत तुटलं की रस्त्याची भिंत होते. मेलेल्यांच्या यादीत लोरिसचं नाव सहसा येणार नाही आणि तरीही नुकसान त्याचंच झालेलं असेल. २०१९-२० मध्ये मोले परिसरातल्या महामार्ग, रेल्वे दुपदरीकरण आणि वीजवाहिनी या तीन प्रकल्पांना राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने हिरवा कंदील दाखवला, तेव्हा गोवेकर रस्त्यावर उतरले ते यासाठीच. तिन्ही रेघा एकाच अरण्यातून. प्रत्येकीचा अहवाल वेगळा, प्रत्येकीत परिणाम ‘मर्यादित’. प्राण्याला मात्र तिन्ही एकदम ओलांडायच्या असतात. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाला मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली.

किती आक्रसतो प्राण्यांचा वावर? ५७ जातींच्या ८०३ सस्तन प्राण्यांच्या गळ्यांत जीपीएसचे पट्टे घालून मिळवलेल्या नोंदी २०१८ साली प्रसिद्ध झाल्या. माणसाचा ठसा गडद असलेल्या भागात प्राण्यांची धाव निर्मनुष्य भागाच्या तुलनेत निम्मी ते एक तृतीयांश भरली. प्राणी फिरतो तेव्हा बियाही फिरतात. मोल्यातल्या गव्याची धाव आखडली तर त्याच्या शेणातून पसरणाऱ्या बिया आणि त्याच्यामागे जाणारा वाघ, दोघांची धाव आखडते.

हे डोंगरापुरतंच नाही. मोरजी, आश्वे-मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. दीड-दोन महिन्यांनी रात्री पिल्लं वाळूतून वर येतात आणि सगळ्यात उजळ क्षितिजाकडे धावतात. लाखो वर्षं ते क्षितिज समुद्राचंच होतं. आता मागे शॅकचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळींचे, दिवे असतात. पिल्लू तिकडे वळतं, दमतं, कुत्र्याच्या किंवा कावळ्याच्या तोंडी जातं. वाळूच्या तापमानाचाही प्रश्न आहे. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे गुणसूत्रांवर नव्हे, घरट्याच्या उष्णतेवर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर. वाळू तापत गेली तर घरटी भरलेली दिसतील, पिल्लंही निघतील, आणि तरी नर कमी पडतील.

आणि यात वेळ अशी की शहाणा माणूसही फसावा. मोरजीतून आज समुद्रात गेलेलं मादी पिल्लू अंडी घालायला पुन्हा किनाऱ्यावर येईल ते दहा-पंधरा वर्षांनी. म्हणजे या वर्षी किनाऱ्यावर मोजलेल्या घरट्यांची संख्या या वर्षीच्या किनाऱ्याबद्दल फार काही सांगत नाही. तिच्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून घरट्यांभोवती जाळी लावून रात्री राखण केलेल्या मोरजीकरांचं आणि वनखात्याच्या माणसांचं काम दिसतं. गेल्या हंगामात किनाऱ्यावर किती दिवे होते, याचा आकडा २०४० च्या आसपास हाती येईल. तोवर दर वर्षीची वाढ दाखवून ‘शॅकमुळे काही बिघडत नाही’ असं म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला घरट्यांची मोजणी अपुरी आहे. त्यासाठी पिल्लं कोणत्या दिशेला गेली ते सकाळी वाळूवरच्या पावलांवरून बघावं लागतं. आणि ते काम उन्हं चढायच्या, पर्यटक यायच्या आत उरकावं लागतं.